वांग्यांवरची कीड पूर्ववत करण्याच्या आदेशातून सूट मिळणेबाबत

प्रति,
मा. शिक्षण अधिकारी,
माध्यमिक विभाग.

विषय : शाळेच्या वाफ्यात समस्या कायम ठेवण्याचा शेरा मागे घेणेबाबत.
संदर्भ : आपले समस्याधारित अध्यापनाचे परिपत्रक व त्यावरून तपासनीस साहेबांनी मारलेला शेरा.

महोदय,

१. अर्जदार नववीला शेती शिकवतो. शिक्षकाने उत्तर सांगू नये, खरी समस्या द्यावी, मूळ कारण मुलांनीच शोधावे, असे आपले परिपत्रक आले. समस्या शोधायला लांब जावे लागले नाही. शाळेमागच्या वाफ्यात वांगी माना टाकून बसलीच होती.

२. मुलांनी शेंडे चिरले, आत अळी सापडली. किडके शेंडे खुडून जाळले, पाळ्या लावून पाहणी केली. गणिताच्या तासाला डुलक्या काढणारी ही कार्टी घंटेआधी वाफ्यावर हजर! वांगी तरारली. अर्जदाराचा ऊर भरून आला, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

३. तेवढ्यात तपासनीस साहेब आले. टवटवीत वांगी पाहून त्यांनी शेरा मारला : "समस्या आढळली नाही, सबब अध्यापन आढळले नाही. वर्षअखेरपर्यंत समस्या चालू ठेवावी, अन्यथा विषय बंद करावा." मुख्याध्यापकबाई अर्जदारावरच उखडल्या, "अहो, एवढी घाई कशाला केलीत बरी करायची?"

४. विषय बंद पडेल या धास्तीने अर्जदाराने शेजारच्या मळ्यातून आगपेटीत अळ्या आणून गुपचूप वाफ्यात सोडल्या आणि तिथेच फसला. कीड सर वाफ्याकडेला बसतात त्या स्टुलालगतच्या ओळीतच कशी, असे एका आगाऊ मुलीने विचारले. माग काढत अख्खा वर्ग अर्जदाराच्या खिशातील आगपेटीपर्यंत पोचला. "सर, तुम्ही? का?" उत्तर सांगण्यास आपली मनाई असल्याने अर्जदार मान खाली घालून उभा राहिला. अशी लाज त्यास नोकरीत कधी वाटली नव्हती.

५. मुले मात्र थांबली नाहीत. शेरा वाचला, परिपत्रक वाचले. मूळ कारण आपल्या दालनात आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पद्धतीनुसार प्रत्यक्ष पाहणी आवश्यक असल्याने सोमवारी वर्ग खुरप्यांसह आपल्याकडे येत आहे. तत्पूर्वी शेरा मागे घ्यावा, ही कळकळीची विनंती.

६. किडका शेंडा नेमका कुठून खुडायचा, असे मुलांनी अर्जदारास विचारले आहे. परिपत्रकास अनुसरून अर्जदाराने उत्तर दिलेले नाही.

आपला नम्र व आजवर आज्ञाधारक,
(सही)
शेती शिक्षक
शुक्रवार, शाळा सुटल्यावर

सोबत : १) आगपेटी, रिकामी. २) वांगी, बिनकिडीची; खात्री करून घ्यावी.