बुटांशेजारचा वॉकर

४ नोव्हेंबर

आईच्या घरात मी स्वतःच्या हातांनी केलेलं: न्हाणीघरातला ओकचा आडवा दांडा. संडासाशेजारी दोन. जिन्याला दुसऱ्या बाजूचा कठडा, तिच्या मुठीच्या मापाचा. मागच्या दाराला उतार. पलंगाचे पाय कापून उंची बरोबर गुडघ्याला. आणि स्वयंपाकघरातली बर्चची जमीन – फळी फळी रंध्याखालून काढलेली, वर वार्निशचे पाच हात. कुठे शिकलो नाही. बिघडवत शिकलो.

आज सगळं तपासलं. दांड्यांना लोंबकळून पाहिलं. एक स्क्रू हललेला नाही.

आई काल सकाळी स्वयंपाकघरात पडली. खुब्याचं हाड.

५ नोव्हेंबर

ऑपरेशन झालं. आत सळई घातली. कुठल्या धातूची ते विचारलं. टायटॅनियम. ठीक.

७ नोव्हेंबर

कॅनडाच्या दुसऱ्या टोकाहून, कॅलगरीहून, ग्लेंडाचा फोन. मोठी बहीण असल्यामुळे तिला तिथूनही सगळं दिसतं.

"वॉरेन, आता पुरे. वृद्धाश्रमात जागा बघ तिच्यासाठी. तुझे दांडे कामी आले का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अरे, रडलास तरी का?"

नाही रडलो. फोन ठेवून डब्यातले बीन्स खाल्ले, थंडच. मीठ कमी होतं. उठलो नाही.

९ नोव्हेंबर

आई पडलेली पहिल्यांदा पाहिली ती शेजारच्या बर्टनने. जन्म बोटीवर गेलेला माणूस. आज मासे घेऊन आला. म्हणाला, "तुझ्या आईचा वॉकर पडवीत भिजतोय. बुटांशेजारी."

मला वाटलं, अँब्युलन्सवाल्यांनी ठेवला असेल.

"छे रे. ती रोज तिथेच ठेवते. फाटकापर्यंत जाते, टपाल आणते, बूट काढते, वॉकर ठेवते, आणि लोकरीच्या मोज्यांवर आत. मी बोललो होतो तिला. तर म्हणते, तू घरात गमबूट घालून हिंडतोस, म्हणून तर तुझी बायको पळाली."

पडवीत जाऊन पाहिलं. पायपुसण्यावर सरळ उभा. चाकांना चिखल, खडी. बाहेरचं बाहेर – हे तिनेच आम्हाला शिकवलं. या गावात पाहुणा बूट न काढता आत आला, तर वर्षभर त्याचं नाव निघतं.

मी मागे वर्कशॉपच्या माडीवर राहतो. पहाटे सुतारकामाला जातो, अंधारात येतो. वॉकर कुठे ठेवते, हे मला माहीत नव्हतं. स्क्रू माहीत होते.

१० नोव्हेंबर

आईला विचारलं.

"मग काय, चिखलाची चाकं आत आणू? तुझ्या लाकडावर?"

"आई, लाकूडच आहे ते."

"गुडघ्यांवर बसून पाच हात दिलेस. मी बघत होते ना."

मग म्हणाली, इथला चहा म्हणजे कप विसळलेलं पाणी. घरी कधी नेतोस?

खाली येऊन गाडीत बसलो. काच धुरकट झाली तेव्हा लक्षात आलं, इंजिन सुरूच केलेलं नाही.

१३ नोव्हेंबर

हॉस्पिटलच्या फिजिओथेरपिस्ट मिस कॉर्कम घर बघायला आल्या. सवयीने दारात बूट काढले आणि माझ्या जमिनीवर घसरल्या. ओट्याची कड धरली म्हणून वाचल्या. स्वतःच हसल्या. "बघा, मी पस्तिशीची आहे."

दांडे निरखून पाहिले. "कुणी केलं हे?" मी, म्हणालो. "सुरेख आहे. पण दांड्यापर्यंत पोचेतो माणूस पडतो, वॉरेन." मग भराभर सांगितलं: बाहेरचा वॉकर वेगळा, घरातला वेगळा. घरात रबरी तळाच्या चपला. ही जमीन एकतर झाका, नाहीतर खरवडा. आणि उन्हाळ्यापर्यंत कुणीतरी दिवसभर सोबत हवं. उठताना, न्हाताना, चालताना.

"आहे कुणी?"

"बघतो."

"सोमवारपर्यंत कळवा. नाहीतर मला त्यांना घरी सोडता येणार नाही. आश्रमातच पाठवावं लागेल."

१५ नोव्हेंबर

जमिनीवर घासायचं मशीन फिरवलं. वार्निश पिठासारखं उडालं. वर करडा रंग, वाळू मिसळलेला. बोटीच्या डेकवर देतात तो. कोपरे ब्रशने.

बर्टन दारात येऊन उभा राहिला. बूट हातात. "अरे, हे तर बोटच केलंस की. आता जाळी टाकायची तेवढी राहिली."

"वाळेपर्यंत पाय ठेवू नकोस."

वाईट वाटेल असं धरून चाललो होतो. नाही वाटलं. ब्रश धुतला, उलटा टांगला.

१६ नोव्हेंबर

ग्लेंडा. "जमीन केलीस, चपला आणल्यास, सगळं कबूल. सोबत कोण राहणार? दिवसभराच्या बाईचा पगार आपल्याला परवडणार आहे का?"

"बघतो."

"तू नेहमी बघतोच."

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी हॅलिफॅक्सहून एका बाईंचा फोन. जुनं हॉटेल नव्याने उभं करतायत. बर्चच्या जमिनी, सगळ्या खोल्यांना, माझ्याच हातच्या हव्यात. नाताळनंतर सुरू, उन्हाळ्यापर्यंत. राहायचं तिथेच. एवढं काम मला आजवर कुणी देऊ केलेलं नाही.

नाही म्हणालो. मग मिस कॉर्कमना फोन केला – सोबत मी आहे.

हॉटेलच्या कामाचे चौऱ्याऐंशी हजार डॉलर.