साहेबांच्या शेजारचा मुलगा

ऑस्ट्रेलियाहून,
१२ ऑगस्ट १९७३

ति. सौ. ताईस, धाकट्या उल्हासचा सातासमुद्रापलीकडून सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उलथनं आण म्हटलं तर तुझी दिल्लीत वाढलेली लेक उल्का, म्हणजे पलटा का, असं हिंदीत विचारते, यावर तू कपाळाला हात लावलास. ताई, इथे माझ्याशी मराठीत भांडायलाही कुणी नाही. तू सुखी आहेस.

बातमी अशी, की शिष्यवृत्तीवर वकिली शिकायला आलेला तुझा भाऊ आता इथल्या प्रीमियरच्या, म्हणजे राज्याच्या मुख्यमंत्र्यांच्या, कचेरीत कायद्यांचे मसुदे लिहितो. लेनर्ड विकहॅम त्यांचं नाव. असा माणूस मी पाहिला नाही. मूळ रहिवाशांना जमिनीचा हक्क दिला, बायकांना बरोबरीचा पगार दिला, आणि त्यासाठी भर सभेत अंडी खाल्ली, ती अंगावर! फाशी रद्द करायचा कायदा तेवढा राहिला आहे. मसुदा मी तयार ठेवला आहे, पण मांडायची वेळ आली की साहेब गप्प होतात.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. साहेब नवे मंत्री होते तेव्हा डॅनियल नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराच्या फाशीवर मंत्रिमंडळात मतं घेतली गेली. एका मताच्या फरकाने फाशी ठरली. साहेबांनी हो म्हटलं होतं.

ताई, तू हसशील. साहेब गाडीत मागच्या सीटवर अगदी दाराला चिकटून बसतात, अंग चोरून. अर्धी सीट रिकामी असते. मी एकदा तिथे माझी बॅग ठेवली, तर त्यांनी ती मुकाट्याने उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. सीटवर माझा हात टेकला होता. इथे हिवाळा आहे, पण ती सीट नुसती गार नव्हती. ओली वाटली. हात पाहिला तर कोरडा.

आता पुन्हा एक कैदी फाशीची वाट पाहतो आहे. त्याने पोलीस शिपायाला ठार मारलं, लोक चिडले आहेत, निवडणूक जवळ आहे. पक्षातले म्हणतात, होऊन जाऊ द्या. साहेबांनी अजून तोंड उघडलेलं नाही. ऑक्टोबरात ते लोकर विकायला दिल्लीला येताहेत. तुमचा पत्ता मी त्यांना दिला आहे. चहाला बोलव.

आईला नमस्कार. माझ्यावर रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस.

तुझा,
उल्हास

सरोजिनीनगर, नवी दिल्ली
२२ ऑक्टोबर १९७३

चि. उल्हास यास, ताईचे अ. उ. आ.

तुझे साहेब येऊन गेले. 

मी नोकरीला आहे त्या वस्त्रोद्योग खात्याकडेच पाहुणचार असल्याने मी त्यांच्याबरोबर पानिपतला ब्लँकेटच्या गिरण्या बघायला गेले होते. माणूस बिल्कुल साधा. तिथे चहाचा एक कप जास्तीचा आला, तो साहेबांच्या शेजारी ठेवला गेला. माझं तेव्हा लक्ष नव्हतं.

रविवारी दुपारी ते घरी आले, एकटेच. तुझे मेहुणे उल्काला घेऊन बाहेर गेले होते. मी पोहे केले. आईने बश्या मांडल्या आणि एक बशी साहेबांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली. मला वाटलं, चुकली. तर ती मलाच रागावली. म्हणाली, मोठ्या माणसाशी गप्पा मारतेस आणि त्या पोराला कुणी विचारतसुद्धा नाही, ही कुठली रीत?

मी विचारलं, कुठला पोरगा? आई म्हणाली, हा काय! तांबूस केसांचा, तोंडावर ठिपके, सदरा मापापेक्षा मोठा, बटणं पार गळ्यापर्यंत लावलेली. मान एकीकडे कलती ठेवून बसलाय, कान देऊन ऐकत असावा तसा. पायात काही नाही. उल्हास, पहाडगंजच्या शाळेत तिची हयात गेली, तिला मूल दिसत नाही असं झालेलं नाही. पण मला तिथे कुणीच दिसत नव्हतं.

साहेबांनी विचारलं, आई काय म्हणतात? मी हसण्यावारी नेत सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांच्या ओठांचा रंग गेला. म्हणाले, तो रागावलेला दिसतो का, एवढं विचारा.

आईने खुर्चीकडे निरखून पाहिलं. म्हणाली, राग नाही रे बाबा, त्याला थंडी वाजतेय. आणि उठून स्वतःची शाल आणून खुर्चीवर टाकली.

आता लिहिते ते तुझ्या मेहुण्यांनाही सांगितलेलं नाही. शाल खुर्चीच्या पाठीवर पडली नाही. पाठीच्या वर वीतभर थांबली, खांद्यांवर थांबावी तशी. मी नजर वळवली. पुन्हा पाहायचं धाडस झालं नाही.

साहेब उठले, आईपुढे वाकले आणि म्हणाले, मला तारघरात घेऊन चला. जनपथपर्यंत टॅक्सीत मी पुढे बसले. त्यांनी तार केली, की मी परत येईपर्यंत त्या कैद्याबद्दल काहीही ठरवू नका.

शाल मी धुतली नाही. आई वापरते. मला हात लावायला होत नाही.

जपून राहा, गरम कपडे घाल. तुझ्या पत्राकडे डोळे लागलेत.

ताई

ऑस्ट्रेलियाहून,
३ मार्च १९७४

ति. ताईस, उल्हासचा मनापासून नमस्कार.

उशीर झाला, रागावू नकोस. इथे सगळं उलटंपालटं झालं.

परतल्यावर साहेबांनी त्या कैद्याची फाशी जन्मठेपेत बदलायला लावली आणि माझा मसुदा सभागृहात आणला. पक्षातल्यांनी समजावलं, धमकावलं. साहेब उभे राहून म्हणाले, एकदा मी हात वर केला आणि एक मूल गेलं, आज त्याच हाताने हा कायदा मांडतो. कायदा एका मताच्या फरकाने मंजूर झाला. महिन्याच्या आत पक्षाने त्यांना खुर्चीवरून उतरवलं. त्यांच्याच हाताखाली वाढलेल्यांनी.

आता ते समुद्राकाठच्या एका छोट्या घरात एकटे राहतात. मी भेटायला गेलो. बाकावर बसले होते, एका कडेला. मला म्हणाले, वाटलं होतं कायदा झाला की तो जाईल. नाही गेला. तुझ्या आईला विचार, त्याला आणखी काय हवंय?

मी वकील माणूस, ताई. पण विचारतोय. आईला विचार.

तुझा,
उल्हास

सरोजिनीनगर
१९ मार्च १९७४

चि. उल्हास यास अनेक आशीर्वाद.

आईला वाचून दाखवलं. डाळ निवडत होती, मान वर केली नाही. म्हणाली, त्याला तुमच्या कायद्यातलं काय कळणार? शाळा सुटल्यावर एखादं मूल फाटकाशी उभं राहतं, कारण न्यायला कुणी येत नाही. मग ज्याला दिसेल त्याने त्याला घरी पोचवायचं. त्याची आई आहे का, एवढं साहेबांना विचार म्हणाली.

मी इतकंच लिहिते. तू एकटा जाऊ नकोस, आणि त्यांनाही एकटं जाऊ देऊ नकोस.

ताई

ऑस्ट्रेलियाहून,
२१ एप्रिल १९७४

ति. ताईस आणि ति. आईस, उल्हासचा सा. न.

डॅनियलची आई आहे. आतल्या वाळवंटाकडे, खाणीच्या गावात राहते. काल मी साहेबांना गाडीने घेऊन गेलो. मी आरशात मागे पाहिलं नाही.

म्हातारीने दार उघडलं. साहेबांनी हॅट काढली, नाव सांगितलं. म्हणाले, मी हो म्हटलं होतं. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. माफ केलं म्हणाली नाही, शिवीही दिली नाही. मग तिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली. तिथे नुसती लाल माती होती आणि आमची गाडी. तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

ती बाजूला झाली. साहेब तिथेच, पायरीखाली उभे होते, कुणी आत गेलं नव्हतं. तरी तिने दार धरून ठेवलं, एखाद्याला पाय पुसून आत यायला वेळ लागावा तितकं. मग आमच्याकडे न बघता ते हलकेच लावून घेतलं. आतून तिचा आवाज ऐकू येत होता. ती कुणाला तरी, किती वाळलास, म्हणत होती.

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. आम्हा दोघांना विसरू नका.

उल्हास