देवांगनाच्या भरवशावर

१० मे
आंधळ्यांनो, लंगड्यांनो, बहिऱ्यांनो, गाव ज्यांना बिचारे म्हणतं त्या माझ्या सगळ्या माणसांनो! आपलं दुखणं डोळ्यांचं नाही, पायांचंही नाही. आपल्याला कुणी काम विचारत नाही, हे आपलं दुखणं! आपल्याला साडी मिळते, चादर मिळते, फोटो मिळतो. काम मागितलं की सगळ्यांचे चेहरे पडतात!

– तालुक्याच्या मेळाव्यात अशी सुरुवात करायची. आवाज शेवटच्या ओळीला चढवायचा, आधी नाही.

डोकं तापलेलं आहे, म्हणून सकाळी सकाळीच लिहीत बसले. काल देवांगना लांजेवारला घेऊन तलावावर गेले होते. गाळ काढण्याचं रोजगार हमीचं काम निघालंय. बाया लेकरं घेऊन येतात, म्हणून तलावाच्या पाळीवर, बांधावर, लेकरं सांभाळायला एक बाई नेमायची असते. देवांगना म्हणाली, ते काम मला द्या. गोवरात डोळे गेले तेव्हा ती स्वतःच लेकरू होती. पुढे भावाची चारही पोरं तिनेच वाढवली. तिला लेकरांचं काय सांगायचं?

हजेरी मांडणारा रोजगारसेवक पोट धरून हसला. "आंधळी पोट्टे सांभाळन? पोट्ट्यायलेच आंधळीले सांभाळा लागन, ताई!"

मी कुबडी आपटली आणि जे बोलले ते इथेही लिहिण्यासारखं नाही. उद्या तहसील.

११ मे
तहसीलदार भेटले नाहीत. परत जाईन. हवं तर दारातच बसेन.

१३ मे
आदेश मिळाला!! साहेब म्हणाले, "विशाखाताई, तुमच्यापुढे बोलणार कोण?" कुणी बोलू नकाच. सही तेवढी करा.

१४ मे
देवांगनाचा पहिला दिवस. चिंचेखाली हिरवी जाळी बांधून सावली केलीय. लेकरं आली तशी तिने एकेकाला मांडीवर ओढून घेतलं, डोक्यावरून, कानांवरून, पायांवरून हात फिरवला आणि काळ्या दोऱ्यात ओवलेला घुंगरू पायात बांधला. मुलींच्याच नाही, मुलांच्याही. एकीचा नवरा कुरकुरला, "पोरगा होय तो, नाचणारी नाही." देवांगना म्हणाली, "मंग तू बांध, बाप्पा. तूबी गायब होतं म्हने दुपारी दुपारी!" बाया टोपल्या खाली ठेवून हसल्या. तो दिवसभर पुन्हा पाळीवर फिरकला नाही.

मला म्हणाली, "वाजते तंवर भेव नाही, ताई. वाजनं थांबलं की एक तर झोपला, नाही तर माती खाते."

निघताना तंबाखू-सुपारीचा खर्रा मागितला. मी म्हटलं, सोड ते व्यसन. "सोडीन. पह्यले मजुरी येऊ द्या. भावाच्या पैशाचा खर्रा लय वर्सं खाल्ला. माया सोताच्या पैशाचा एक खाऊन मंग सोडीन."

हा मुद्दा भाषणात घ्यावा का? लोक हसतील. घ्यावाच.

१७ मे
मेळावा झाला. मंडप गाजला! देवांगनाचं उदाहरण दिलं तेव्हा पुढच्या रांगेतला एक म्हातारा रडला. पुढाऱ्यांना सुनावलं – आम्हाला दिव्यांग हे नवं नाव दिलंत, वागणूक मात्र जुनीच ठेवलीत! टाळ्या.

संध्याकाळी कौतुकाने देवांगनाला सांगायला गेले, तर ती फुरंगटली. "मले इचारलं काहून नाही? खर्ऱ्याचंबी सांगतलं म्हने. आता साऱ्या तालुक्याले ठावं, लांजेवाराची आंधळी खर्रा खाते!"

तिचं म्हणणं बरोबर आहे. पण उदाहरणाशिवाय लोकांना पटत नाही, हेही तितकंच बरोबर. माझ्या तीनचाकी गाडीवर येताना स्वतःशीच भांडत आले.

२१ मे
लिहून काढलं तरच शांत वाटेल.

पियूष हरवला होता. रंजिता कोहळेचा, पावणेदोन वर्षांचा. सापडला. आधी हेच लिहिते – सापडला, जिवंत आहे, धड आहे.

रंजिताचा सासरा परवा वारला. घरात सुतक, पण घरी बसलं की हजेरी बुडते, म्हणून ती आज कामावर आली. सुतकाच्या घरात काही वाजू नये म्हणून पोराच्या पायातला घुंगरू तिने काढून ठेवलेला. सुतकात दुसऱ्याच्या लेकरांना शिवायचं नाही, म्हणून जाळीत आलीही नाही. झोपलेलं पोर कडेच्या गोधडीवर टाकलं, "निजला हाये व," एवढं लांबूनच म्हणाली आणि खाली उतरली. घुंगरू काढल्याचं सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. कुणाच्या आलं असतं?

देवांगनाला वाटलं, वाजत नाही म्हणजे झोपलाय. थोड्या वेळाने गोधडी चाचपली तर रिकामी.

तिची ती किंकाळी! टोपल्या, फावडी सगळं टाकून लोक धावले. तलावाच्या मधोमध अजून पाणी आहे, गुडघाभर, पण त्याखाली कमरेएवढा चिखल. सगळे तिकडेच. मी पाळीवर उभी, कुबडी मातीत रुतलेली, मला खाली उतरताही येईना. देवांगना दोन्ही हातांनी बाकीची लेकरं आवळून धरून ओरडत होती, "पान्याकडे पाहा! पान्याकडे पाहा!"

बेशरमाच्या झुडपाआड सापडला. पाणी तिथून चार पावलांवर. तोंडभर माती खाऊन बसला होता. रंजिताने त्याला आधी दोन धपाटे घातले आणि मग छातीशी धरून हंबरडा फोडला.

देवांगनाकडे कुणी पाहिलंही नाही.

२२ मे
आज जाळीत चारच लेकरं. दोन लेकरं बाभळीला ओढणीने बांधलेली पाहिली, वासरं बांधतात तशी. उन्हात! पण डोळस आईने बांधलेली ना, मग कुणाचं काही म्हणणं नाही!

सरपंचांनी ग्रामसभा लावली. विषय – देवांगनाला काढायचं.

गेल्या वर्षी दोन्ही डोळे शाबूत असलेली बाई होती. मोबाइलवर बोलत राहिली आणि एका पोरीचा हात मोडला. तेव्हा कुणी सभा लावली? एकाने तरी म्हटलं का, की डोळस बायांच्या भरवशावर लेकरं ठेवू नका?

हे बोलायचं. असंच बोलायचं.

२४ मे
भाषण लिहितेय आणि फाडतेय. धार येते, पण ती रंजितावर जाते. तिने घुंगरू काढला, चूक तिची – हे सिद्ध करणं दोन वाक्यांचं काम आहे. सोपं आहे म्हणूनच नकोसं वाटतंय.

देवांगना म्हणाली, "तिचं नाव नोका घेऊ, ताई. तिच्या घरी आत्ताच मयत झाली."

२६ मे
ग्रामसभा. शाळेच्या व्हरांड्यात गाव मावत नव्हतं.

मी बोलले. रंजिताचं नाव घेतलं नाही. मोडलेल्या हाताचं सांगितलं, बाभळीला बांधलेल्या पोरांचं सांगितलं. म्हटलं, चूक डोळसाची झाली तर ती एका माणसाची. आंधळ्याची झाली की ती सगळ्या आंधळ्यांची. हा कुठला न्याय? लोक माना हलवत होते. मागून कुणी तरी टाळीही वाजवली. मला वाटलं, जिंकले.

सरपंच उठले. "ताई छान बोलल्या. बोलतातच. आता देवांगनाबाई कामावर नको, असं ज्यायले वाटते, त्यायनं हात वर करा."

एकामागून एक हात वर! टाळी वाजवणाऱ्याचासुद्धा! माझ्या शब्दांवर माना हलवणारी हीच माणसं.

सरपंच मोजायला लागले तशी देवांगना उभी राहिली.

"थांबा जी. हात मले दिसत नाही."

"मी मोजून सांगतो ना, बाई."

"तुमी सांगान. पन मले कोन नोको म्हनते, हे साऱ्या गावाले दिसते, मलेच दिसत नाही. हे कसं चालन? ज्यायचा हात वर हाये, त्यायनं तोंडानं नाव सांगा."

"असं कुठी राहाते का व?" कुणी तरी.

"हे कोन? देवाजीभाऊ का? सांगा ना मंग नाव. तुमच्या पोट्टीले दोन उन्हाळे माया आंगनात म्याच खेळवलं."

देवाजीचा हात खाली. मग शेजारचा. सरपंच मला म्हणाले, "ताई, समजवा तिले." मी म्हटलं, "ती बरोबर बोलतेय. विचारा नावं." हात असे खाली आले, जसे कधी वर गेलेच नव्हते.

एकच राहिला. रंजिता. पोराला काखेत घेऊन उभी राहिली.

"मी रंजिता कोहळे. माया हात वर हाये." तिने हात तसाच वर ठेवला. "घुंगरू म्याच काढला, देवांगनाबाई. तुमचा दोष नाही. पन मायं मन नाही धजत. रात्री दचकून उठते मी. मी खोटं कशी बोलू?"

देवांगना म्हणाली, "बरं केलं, माय, सांगतलं तं."

ठराव बारगळला. देवांगना कामावर कायम.

घरी आले, पण रंजिताचा आवाज डोक्यातून जात नाही. तिला उत्तर द्यायला माझ्याकडे एकही वाक्य नाही. माझ्याकडे!

२७ मे
जिंकलो! आमच्या संघटनेतून फोनवर फोन. "ताई, व्हिडिओ आहे का?"

२८ मे
कसलं जिंकणं! जाळी रिकामी.

एकही लेकरू नाही. कुणी आजीकडे ठेवलं, कुणी बहिणीकडे, कुणी घरातच कोंडून आलं. नाव कुणी सांगितलं नाही, पण पोर मात्र आणलं नाही. गावाने हात खाली केला आणि पाठ फिरवली. देवांगना एकटी बसून चिंचोक्यांशी खेळत होती.

रोजगारसेवक येऊन गोड बोलून गेला. "पोट्टेच नाही तं बाई कायले पाह्यजे? सोमवारपासून हे काम बंद. गाळाच्या टोपल्या उचलाले ये म्हना तिले." चिखलात, उतारावर! त्याला माहीत आहे, ती येणार नाही. कायद्यात बसवून काढून टाकलं.

कुणाला भाषण ठोकू? कोण विरोधात आहे? कुणीच नाही!

सून पल्लवी आज माहेराहून परतली. लग्नघर होतं, महिनाभर राहिली. आली ते बरं झालं, घर खायला उठत होतं. नातवाचे, आरुषचे, आणखी दोन दात आलेत. चालतो, पडतो, परत चालतो.

२९ मे
तलावावर गेले. देवांगनाला म्हटलं, कलेक्टरकडे जाऊ. उपोषणाला बसू. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"पल्लवी आली म्हने. तुमचा नातू कितीचा झाला?"

"सव्वा वर्षाचा."

"मंग त्याले आना ना."

मी वर चिंचेकडे पाहत राहिले. चिंचेवर पाखरं कलकलत होती. ती म्हणाली, "ताई, हाये का गेल्या?"

घरी आल्यावर पल्लवीला सगळं सांगितलं. हरवलेल्या पियूषचंही. लपवून कसं चालेल?

तिने भाकरी थापायची थांबवली. "आई, तुमच्या चळवळीसाठी माझं लेकरू?"

"चळवळीसाठी नाही, अगं –"

"मग कशासाठी? सांगा. भाषण नको, नुसतं सांगा."



३० मे
पल्लवी आरुषला घेऊन मागच्या अंगणात. मी पुढच्या खोलीत कपाटातली पुस्तकं काढते, ठेवते. अधिकार, समता, सन्मान – सगळ्यांवर खुणा केलेल्या. एका आईने पोर का द्यावं, यावर एक ओळ नाही.

मला भीती वाटते का? वाटते. आरुषला त्या जाळीत कल्पून पाहिलं आणि पहिल्यांदा डोळ्यांपुढे आलं ते पाणी. रंजिता माझ्याहून मोठी निघाली. तिने चारचौघांत उभं राहून हे सांगितलं तरी.

दुपारी पल्लवीने विचारलं, "पोर हरवलं तेव्हा ती काय करत होती?"

"ओरडली. बाकीची लेकरं दोन्ही हातांनी धरून ठेवली. एकही सुटू दिलं नाही. पाण्याकडे पाहा म्हणून तिनेच ओरडून सांगितलं."

"तुम्ही काय करत होता?"

"पाळीवर उभी होते."

तिने आरुषला उचललं आणि आत गेली. आग्रह करणार नाही. लेकरू तिचं आहे.

३१ मे
उद्या सोमवार. देवांगनाला काय सांगू?

१ जून
उठले तर पल्लवी तयार. आरुषची आंघोळ झालेली, गालावर तीट लावलेली. पिशवीत पाण्याची बाटली, मऊ भात, दोन कपडे.

"मी दिवसभर तिथे बसणार आहे, आई. माझ्या डोळ्यांनी बघणार. नाही पटलं तर उचलून आणीन, मग तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. आणि पटलं, तर रंजिताच्या घरी बोलायला मीच जाईन, तुम्ही नाही."

मी वही उघडली, एवढं लिहून ठेवायला.

"लिहीत काय बसलात? गाडी काढा!"