बेंगळूरला दोनदा उतरले, अण्णा

माझ्या अण्णांना,

उद्या सकाळी कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये सात नवे वैमानिक येणार आहेत. पुढच्या सहा महिन्यांत कंपनी त्यांच्याशी कशी वागेल, त्यांनी काय अपेक्षा ठेवावी, हे सांगायला कुणीतरी आधीचं माणूस हवं होतं. त्यांनी माझं नाव काढलं. दोन वर्षांतच मी जुनी झाले, बघा. जेवण झाल्यापासून मुद्दे काढत बसलेय, पण कुठलाही मुद्दा लिहायला घेतला की तुम्ही मध्ये येता. शेवटी तो कागद सरकवला आणि हा ओढला. आधी तुमच्याशी बोलून घेते. मग त्यांच्याशी बोलता येईल.

माझं नेमणुकीचं पत्र आलं तो दिवस आठवतो का तुम्हाला? शाळा सुरू व्हायच्या होत्या, दुकानात युनिफॉर्मच्या कापडाचे ठाण छतापर्यंत गेलेले. तुम्ही कात्री खाली ठेवलीत आणि म्हणालात, "वाच. एकेक ओळ वाच आणि आपल्या भाषेत सांग." बेंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या, आठव्या क्रॉसच्या गल्लीतल्या त्या दुकानात तुम्ही आयुष्यभर स्वतःच मालक आणि स्वतःच शिंपी. नोकरी कधी कुणाची केली नाहीत. त्यामुळे तुम्हाला प्रत्येक ओळीत शंका.

"कंपनी सांगेल त्या ठिकाणी, म्हणजे कुठे?"

"आमची विमानं जातात तिथे कुठेही, अण्णा."

"आणि काम समाधानकारक वाटल्यास कायम करू, असं लिहिलंय. कुणाला वाटल्यास?"

"चीफ पायलटना."

"त्यांना नाही वाटलं तर?"

"तर सहा महिन्यांनी मी घरी."

तुम्ही गळ्यातली टेप बोटाला गुंडाळलीत. मग म्हणालात, "सरी, ठीक आहे. मग सहा महिने तोंड बंद ठेवायचं आणि नीट काम करायचं."

तुमचा हा सल्ला मी फारच मनावर घेतला. आणि तुम्हीही घेतलात.

कंपनीने दिलेले शर्ट पुरुषांच्या मापाचे होते. खांदे कोपराकडे उतरलेले. तुम्ही चारही शर्ट उसवलेत, पुन्हा बेतलेत, खांद्यावरच्या पट्ट्या दोन वेळा काढून लावल्यात. आई म्हणाली, "लग्नाची चोळी शिवल्यासारखं चाललंय यांचं." तुम्ही मान वर केली नाहीत. पुढे हैदराबादला पोस्टिंग झाल्यावर पहिल्याच दिवशी एका सीनियर बाईने विचारलं, "हे शर्ट कंपनीने दिलेत?" मी म्हटलं, कापड कंपनीचं आहे. एवढंच म्हटलं. माझे वडील शिंपी आहेत, हे मी तेव्हा का सांगितलं नाही, अण्णा? लाज वाटली असं नाही. पण सांगितलंही नाही.

पहिले दोन महिने बेंगळूरलाच वर्ग होते, व्हाइटफील्डच्या बाजूला. मल्लेश्वरमहून जायला दीड तास, यायला दोन. मग सिम्युलेटर, आणि मग ज्याची भीती होती तेच झालं. माझं पोस्टिंग हैदराबादला लागलं. तिथून पंख्याची छोटी विमानं घेऊन छोट्या छोट्या गावांना जायचं, शेजारी कॅप्टन शिकवणार, आणि शेवटी असंच उडताना परीक्षा घेणार. याला लाइन ट्रेनिंग म्हणतात, हे तुम्ही अख्ख्या गल्लीला सांगितलंत.

स्टँडबाय मात्र तुम्हाला माझ्याआधी कळलं. मी फोनवर समजावत होते की काही दिवशी विमान नसतं, पण बॅग भरून, आंघोळ करून बसून राहायचं, फोन आला की तासाभरात विमानतळ गाठायचा. तुम्ही म्हणालात, "म्हणजे गिऱ्हाईक येवो न येवो, दुकान उघडं ठेवायचं. त्यात काय एवढं?" खूप दिवसांनी मी हसले होते. वेळापत्रक महिन्याचं यायचं आणि आठवड्यात तीनदा बदलायचं. गौरी-गणपतीला सुट्टी होती, ती आदल्या संध्याकाळी गेली. आईने तुमच्याकडे फोन दिला. तुम्ही म्हणालात, "गणपती दर वर्षी येतो. तू तुझं काम बघ."

आम्ही चौघी नव्या मुली एका फ्लॅटमध्ये राहत होतो. तिथे एकच विषय असायचा. प्रोबेशनमध्ये रजा मागितली की फाइलमध्ये नोंद होते. आजारी आहे म्हटलं की नोंद होते. ती फाइल कुणीच पाहिली नव्हती. पण आम्ही चौघीही तिला घाबरून होतो.

पाचव्या महिन्यात तुमचा आवाज बदलला. वाक्य पुरं करताना तुम्हाला धाप लागायची. मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "स्वल्प कफ झालाय. कपड्याची धूळ." मला खरं वाटलं, की मी वाटून घेतलं? नंतर आईने सांगितलं. डॉक्टरांनी हृदय कमजोर झालंय म्हटलं होतं, दाखल व्हा म्हटलं होतं, आणि तुम्ही तिच्याकडून शब्द घेतला होतात की शुभीची परीक्षा होईपर्यंत तिला काही सांगायचं नाही. अण्णा, हे तुम्ही बरं केलं नाहीत. आईला तुम्ही केवढ्या ओझ्याखाली ठेवलंत, याचा विचार केलात का?

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी तिला राहवलं नाही. "तुझ्या अण्णांना दवाखान्यात ठेवलंय. येऊ शकशील का गं?" मी काही बोलायच्या आत तुम्ही तिच्या हातून फोन घेतलात.

"काही नाही गं. दोन तपासण्या आहेत. परीक्षा दे आणि ये."

"खरं सांगा अण्णा, येऊ का?"

"इथे येऊन काय करणार आहेस? बाकावर बसणार? परीक्षा दे आणि ये."

हे तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

वेळापत्रक ठरवणाऱ्या विभागाचा नंबर माझ्या फोनमध्ये सगळ्यात वर होता. एक फोन करायचा होता. मी तो नंबर काढून पाच मिनिटं बसले आणि फोन उलटा ठेवला. तुमचं ऐकलं म्हणून नाही. तुमचं म्हणणं माझ्या भीतीच्या सोयीचं होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी चार फेऱ्या होत्या. हैदराबादहून बेंगळूर, तिथून हुबळी, परत बेंगळूर, परत हैदराबाद. माझी परीक्षा घ्यायला डावीकडच्या सीटवर कॅप्टन देवय्या होते. कूर्गचे, कमी बोलणारे. सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही बेंगळूरला उतरलो. पुढच्या उड्डाणाला पस्तीस मिनिटं होती. तुम्ही तेव्हा जागे होतात. आईने तुम्हाला दोन चमचे गंजी, म्हणजे तांदळाची पेज, भरवली होती. तुम्ही तिला विचारलंत, "शुभीचं विमान आता कुठे असेल?" ती म्हणाली, "असेल कुठेतरी वर." मी वर नव्हते, अण्णा. मी त्याच शहरात होते. फोन बॅगेत बंद होता, आणि परीक्षेच्या दिवशी फोन बघणारी मुलगी बेफिकीर दिसेल म्हणून मी तो उघडला नाही. इंधनाचा कागद तपासत बसले.

तुम्ही गेलात तेव्हा आम्ही हुबळीला होतो. साडेबाराला मी पुन्हा बेंगळूरला उतरले. उतरवलं मीच. कॅप्टन म्हणाले, "छान." आई त्या वेळी दवाखान्याच्या कागदांवर सह्या करत होती. मी पुन्हा पस्तीस मिनिटं तिथे होते, आणि पुन्हा निघून गेले.

हैदराबादला कॅप्टन देवय्यांनी माझ्या परीक्षेच्या कागदावर सही केली, हात पुढे केला. मग मी फोन सुरू केला. आईचा एकच मेसेज होता. "अण्णा गेले. सावकाश ये." सावकाश. ती दुसरं काय लिहिणार होती?

मी तो फोन तसाच कॅप्टनसमोर धरला. त्यांनी वाचला. विचारलं, "आजारी होते? तुला माहीत होतं?"

"काल दवाखान्यात ठेवलं, सर."

"काल माहीत होतं आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?"

"प्रोबेशनवर आहे, सर."

त्यांनी फोन परत माझ्या हातात दिला. मग त्यांनी माझी बॅग उचलली, स्वतः काउंटरपर्यंत आले, संध्याकाळच्या विमानात माझी जागा करून घेतली. आणि मी आत जाण्याआधी जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. "आज मी रागवायला नको, पण तुला कळायला हवं म्हणून सांगतो. मागे साठ माणसं बसली होती, आणि माझ्या शेजारची पायलट मनाने दवाखान्यात होती. ते मला सांगणं हेही तुझं काम होतं. काल फोन केला असतास तर मी परीक्षा आठवडाभर पुढे ढकलली असती. एवढंच झालं असतं."

एवढंच झालं असतं, अण्णा.

पण मी उद्या त्या मुलांना अर्धंच सांगणार नाही. कारण गोष्ट इथे संपली नाही. दिवसवार झाले, मी परत हजर झाले, आणि मला झोप येईना. तीन आठवड्यांत तीनदा मी स्टँडबायच्या फोनवर सांगितलं, "मी आज उडण्याच्या अवस्थेत नाही." पलीकडची बाई प्रत्येक वेळी "सरी मॅडम" म्हणायची आणि दुसऱ्याला फोन लावायची. तिसऱ्या वेळेनंतर ऑफिसमधून पत्र आलं. लेखी खुलासा द्या, आणि बेंगळूरला येऊन भेटा. म्हणजे आम्हा चौघींची भीती अगदीच खोटी नव्हती.

चीफ पायलटसमोर बसले तेव्हा कॅप्टन देवय्या आपणहून आले होते. ते माझी वकिली करतील असं मला वाटलं होतं, पण ते एवढंच म्हणाले, "ती न उडण्याचा निर्णय स्वतः घेऊ शकते. हे मला आधी दिसलं नव्हतं. आता दिसलं." चीफ पायलटनी माझा खुलासा वाचला, वैमानिकांना तपासणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि माझं प्रोबेशन दोन महिने वाढवलं. मला ते त्या वेळी अन्यायाचं वाटलं. आजही पूर्ण न्यायाचं वाटत नाही. पण नोकरी राहिली. झोप हळूहळू आली. आठव्या महिन्यात कायम झाल्याचं पत्र मिळालं, आणि पुढच्या वर्षी पोस्टिंगही बेंगळूरला मिळालं.

कायम झालं की घरच्यांना विमानात फुकट जागा मिळते, हे वाचल्यावर तुम्ही ती ओळ मला दोनदा वाचायला लावली होतीत. ती पहिली जागा आईला मिळाली. माझ्याच विमानात, हुबळीपर्यंत. उतरल्यावर मी धावत मागे गेले. ती पट्टा सोडायच्या खटपटीत होती. म्हणाली, "केवढा आवाज करतं गं तुझं हे विमान. तुझ्या अण्णांनी सगळी वाट कानांवर हात ठेवले असते, आणि खाली उतरून सगळ्यांना सांगितलं असतं की आवाज मुळीच नव्हता." आम्ही दोघी तिथे उभ्या राहून हसलो. मग ती रडली. सफाईची माणसं आत यायची थांबली होती.

मी तुमच्यावर रागावले होते, हे तुम्हाला कळायला हवं. आपण दोघंही कंपनी म्हणजे एक असा माणूस समजलो, ज्याच्यापुढे घरातलं काही बोलायचं नाही. तुम्ही आजार लपवलात, मी काळजी लपवली. दोघांनाही वाटलं, आपण नीट काम करतोय. आता राग उरला नाही. पण त्या पहिल्या पस्तीस मिनिटांचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही. त्या विमानतळावर आठवड्यात दहा वेळा उतरते मी.

उद्या त्या सातजणांना मी गोड गोड सांगणार नाही. पोस्टिंग मनासारखं मिळणार नाही, सण जातील, वेळापत्रकावर विसंबून कुणाला शब्द देऊ नका, हे सांगेन. रजेचा फोन केलात तर कदाचित पत्र येईल, खुलासा द्यावा लागेल, प्रोबेशन वाढेल, हेही सांगेन. आणि तरीही फोन करा, असं सांगेन. का करायचा, ते सांगताना तुमचं नाव घेईन. माझे वडील शिंपी होते, इथून सुरुवात करेन.

आणि तुम्हाला एक शब्द देते, अण्णा. फळ्यावर मी माझा नंबर लिहिणार आहे. त्यांच्यातल्या कुणाच्या घरून असा फोन आला आणि ऑफिसचा नंबर लावायला त्याचा हात उचलेना, तर त्याने मला लावायचा. पुढचं सगळं मी बोलेन. माझी सुट्टी असेल आणि मला उडता येण्यासारखं असेल, तर त्याच्या जागी मी उभी राहीन. तो घरी जाईल. "इथे येऊन काय करणार" असं त्याच्या वडिलांनी म्हटलं, तरी जाईल, आणि बाकावर बसेल.

तुमची,
शुभी