फाडलेल्या पानावरचं माप

धाकट्या,

तू भांडून गेलास, त्याच दिवशी दुकानातल्या मापांच्या वहीतलं तुझं पान मी फाडलं. पुढे तुझी तिन्ही पत्रं न फोडताच पोस्टमनकडे परत दिली. डोक्यातून तू पार गेलास, असंच वाटायचं.

काल त्याच पोस्टमनने मी त्याच्यासाठी शिवलेला शर्ट घालून बघितला. डावा खांदा अर्धा इंच खाली, बाह्या लांब. हुबेहूब तुझं माप.

"अहो, हा कुणाचा शिवलात?"

कापताना वहीत पोस्टमनचंच पान उघडं होतं. मग माझ्या डोक्यात बसून आकडे सांगत कोण होतं?

शर्ट खुंटीला अडकवला. आईने येऊन शर्टाचा डावा खांदा चाचपला.

"धाकटा कधी आला रे?"

मी कात्री पुसत म्हटलं, "कोण धाकटा?"

तुझाच,
दादा