वीतभर दोरा

संगमनेर, ता. १४ जानेवारी १९४९

ती. गं. भा. राहीआक्कास, धाकट्या आप्पाचा सा. न. वि. वि.

तुझ्या गहिनीला बोटीने पाठवलं तर अठरा दिवस लागतील आणि लंडनच्या कॉलेजात त्याला चोवीस तारखेला हजर व्हायचं आहे. म्हणून विमानच. एकुलतं एक पोर जमिनीला टेकेपर्यंत तोंडात घास घालणार नाही, असा तुझा निरोप मिळाला. बोटीच्या प्रवासात हा उपास तुला झेपला नसता, एवढं तरी विमानाच्या बाजूने धर.

शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा लावून मोजलं. कैरो, जिनिव्हा करत मुंबई ते लंडन जवळजवळ पाच हजार मैल. दोरा वीतभर भरला. पाकिटात घातला आहे. विमान बुधवारी सकाळी नऊला निघून गुरुवारी सकाळी सहाला उतरेल. एकवीस तास झाले. गुरुवारी सहाला माझ्या शब्दावर जेव.

माया आहे तशी असू दे.
आप्पा

संगमनेर, ता. २२ जानेवारी

ती. राहीआक्कास सा. न. वि. वि.

गहिनी सुखरूप उतरल्याची माझी कालची तार मिळाली असेल. आता एक कबुली. तिकिटावरचे सहा हे लंडनच्या घड्याळातले, आणि ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. गुरुवारी अकराला वर्गात रेखांश शिकवताना हे ध्यानात आलं आणि खडू हातातच राहिला. तेव्हाही पोर आकाशातच होतं. वीस वर्षं मी भूगोल शिकवतो. चूक घाईची, की तू लवकर जेवावीस या मायेची, हे स्वतःला विचारतो आहे. मायेची म्हणणं सोयीचं आहे, म्हणूनच पटत नाही. तुझं व्रत माझ्यामुळे मोडलं. रागाव, पण दोन ओळी लिही.

तुझा अपराधी,
आप्पा

कर्जत, ता. २६ जानेवारी

चि. आप्पास राहीआक्काचे लई आशीर्वाद.

तार पोचली, जीव भांड्यात पडला. रागावू कशाला? सहाला ताट घेतलं हुतं. शेजारची मनकर्णा म्हनली, जेव, भावानं लिवलंय. मी म्हनलं, ह्यो भाऊ दुपारी येतो म्हनतो आन दिवेलागणीला येतो, त्याच्या सहाचं काय खरं न्हाई. ताट झाकून ठिवलं. ऊन कलल्यावर जेवले. तवर तुझं विमान टेकलं हुतं न्हवं? मंग व्रत शाबूत हाय. उगं झुरू नगं.

दोरा देवापाशी ठिवलाय. आता संगमनेर ते कर्जत किती भरतंय तेबी मोज. माझं पोर पाच हजार मैल एका दिसात गेलं. तुला इथवर यायला दोन वर्सं पुरंनात.

जिवाला जप.
राहीआक्का

संगमनेर, ता. ३० जानेवारी

ती. राहीआक्कास सा. न. वि. वि.

मोजलं. गोलावर दोरा धरताच येत नाही. दोन्ही गावं माझ्या एका नखाखाली झाकली जातात. एवढ्या वाटेला मी दोन वर्षं लावली.

रविवारी, सहा फेब्रुवारीला, दुपारी बारापर्यंत पोहोचतो. मोटारीची वेळ दोनदा विचारून घेतली आहे. तरी माझं ताट तुझ्याच हिशेबाने वाढ. आणि तोवर तू उपाशी राहू नकोस.

तुझा,
आप्पा