धनीरामचे पाय

२ जुलै
बाबांना लकवा येऊन महिना झाला. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, औषधापेक्षा चालवणं मोठं. रोज दोन वेळा, दोघांनी दोन बाजूंनी धरून. पहिले चार महिने वाया गेले की पाय आखडतात. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी. बायको धानाच्या रोवण्याला, म्हणजे लावणीला जाते. उद्यापासून सहाला उठणे.
शिवाय बाबांना उमेद यावी म्हणून कार्टून करतोय, 'धनीराम आणि बगळा'. हीरो खुद्द बाबा. अख्ख्या दिघोरीत ॲनिमेशनचा कोर्स केलेला मी एकटा. जबाबदारी येतेच.

९ जुलै
सहाला जाग आली नाही. रात्री बगळा काढत होतो. बगळा एका पायावर उभा, म्हणजे एक पाय काढायचा वाचला. बजेट शून्य असलं की डोकं चालतं.
उद्यापासून नक्की.

२० जुलै
भाग पहिला अपलोड! बाबांचा सदरा मध्येच निळा होतो. मिशी एकदा गालावर जाते. बगळा बोलतो तेव्हा ओठ बाबांचे हलतात. सगळे धानात गुडघ्यापर्यंत उभे, कारण चालणं काढणं फार कठीण. पण सुरुवातीची स्वस्तातली कार्टूनं जगभर अशीच होती. मागे तेच झाड पुन्हा पुन्हा, हलायचं फक्त तोंड. आता लोक तीच कौतुकाने बघतात.
व्ह्यूज सतरा. बरेचसे माझेच.
कामिनीने सासऱ्यांचं चित्र बघून विचारलं, "मामाजीले पाय कायले नाही काढले?" बायकोला कलेतलं काय कळतं!
अपलोडमुळे आज चालवणं राहिलं.

४ ऑगस्ट
पायांचं मनाला लागलं. भाग दोनमध्ये बाबा चालणार. घरापासून शेततळ्याच्या, आमच्या बोडीच्या पाळीपर्यंत, रोज पाणी बघायला जायचे तसे. यात हयगय नाही. अभ्यासासाठी त्यांना चालवून बघायला हवं होतं, पण अंगणात चिखल. मग मीच आरशासमोर चाललो. बाबा कसे चालायचे ते नेमकं आठवत नाही. होईल.

१९ ऑगस्ट
आईने काल एकटीनेच बाबांना अंगणात नेलं. तिचेच गुडघे दुखतात. दोघंही ओट्यावर अडकून बसली, कामिनी शेतावरून येईपर्यंत. आई म्हणे हाका मारत होती. मी हेडफोन लावला होता. "एकटीनं नाही होत रे बाप्पा," म्हणाली. एरवी ती असं बोलत नाही.
सोमवारपासून सहाला. शब्द.

१२ सप्टेंबर, दुपार
रेंडर चालू, म्हणजे लॅपटॉप सगळी चित्रं जोडून भाग तयार करतोय. संपतच आलं होतं. तेवढ्यात बाबा दाराची चौकट धरून आपले आपण उभे राहिले आणि ओरडले, "प्रवीण, पाय उचलून राहिला! ये, धर मले!"
मी म्हटलं, दहा मिनिटं, बाबा. लॅपटॉप जुना. समोरून उठलो की हँग होतो.
गेलो तेव्हा ते खाली बसलेले. लागलं नाही. रेंडर मात्र बिघडलं.

३ ऑक्टोबर
बाबा आता हाक मारत नाहीत. माझ्या कामाची किंमत त्यांना कळली असावी. घरात शांतता. काम झपाट्यानं होतंय.
कामिनी म्हणते, "तिकडचे पाय हलवून राहिले तुमी, घरातले कोण हलवणार?" तिच्याशी वाद घालत नाही. भाग दोन झाला की पूर्ण वेळ बाबांनाच देणार.

२८ ऑक्टोबर
बाबांना भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला. वाकला नाही. रोज चालवत होतात का, विचारलं. मी म्हटलं, प्रयत्न चालू होते. आईने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, आता चाकाची खुर्ची घ्या. फारच निगेटिव्ह माणूस.
संध्याकाळी बाबांना भाग दोन दाखवला. आधीच सांगून ठेवलं की सुरुवातीचं काम आहे, पाय जमिनीवरून घसरतात, एकदा डाव्याचा उजवा होतो.
बाबा म्हणाले, "घसरू दे. चालून तं राहिला." मग म्हणाले, पुन्हा लाव. पुन्हा लावलं. परत लाव म्हणाले. बोडीच्या पाळीपर्यंत जातात, तिथे संपतं. फोनची बॅटरी उतरेपर्यंत लावत राहिलो. मला फार वाईट वाटत होतं.
भाग तीनमध्ये त्यांना खुर्चीवर बसवता येईल. पाय काढावे लागणार नाहीत.
सवयीनं खाली लिहिलं होतं, उद्यापासून सहाला उठणे. खोडलं.